सहा ठिपके आणि तीन भविष्यं

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात लाउडन नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. १९७० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या ३७,१५० होती. पुढच्या पाच जनगणनांत ती ५७,४२७, मग ८६,१२९, १,६९,५९९, ३,१२,३११ आणि २०२० मध्ये ४,२०,९५९ झाली. अ‍ॅशबर्न हे गाव याच काउंटीतलं. एकेकाळी दुभत्या जनावरांच्या गोठ्यांसाठी ओळखला जाणारा हा मुलूख आज डेटा सेंटरांच्या खिडक्या नसलेल्या लांबलचक इमारतींसाठी जगभर माहीत आहे, आणि इथल्या घरांमध्ये भारतीय, त्यात मराठीही, कुटुंबं पुष्कळ आहेत. आता हे सहा आकडे घ्या आणि २०३० साली इथे किती माणसं असतील, असा प्रश्न विचारा. आकड्यांमधून सरळ रेषा काढली तर उत्तर येतं सुमारे ४ लाख ५७ हजार. शाळेत शिकलेल्या वर्गसमीकरणाचा वक्र, म्हणजे अन्वस्त, बसवला तर ६ लाख ७ हजार. चक्रवाढ व्याजासारखा वाढत जाणारा वक्र बसवला तर ७ लाख ५७ हजार. आकडे तेच सहा आणि तिन्ही हिशेब बिनचूक, तरीही पहिल्या आणि तिसऱ्या उत्तरात तीन लाख माणसांचं अंतर आहे. २०१० साली अख्ख्या काउंटीत जेवढी माणसं राहत होती, जवळपास तेवढं हे अंतर. शाळा किती बांधायच्या, पाण्याच्या वाहिन्या किती व्यासाच्या टाकायच्या, विजेचं उपकेंद्र कुठे उभारायचं, हे सगळं या अंतरात लटकलेलं असतं.

उपलब्ध आकड्यांमधून एखादी रेषा किंवा वक्र शोधून एका राशीवरून दुसरीचा अंदाज बांधण्याच्या या रीतीला रिग्रेशन म्हणतात. आपल्या परिभाषा कोशांत तिला समाश्रयण असा भारदस्त शब्द आहे. रीतीचे दोन भाग पडतात. कोणत्या जातीची रेषा घ्यायची हे ठरवणं हा पहिला भाग, आणि त्या जातीतली सर्वात जवळून जाणारी रेषा हिशेबानं काढणं हा दुसरा. दुसरा भाग आता यंत्र क्षणात करतं. पहिला भाग माणसाकडेच राहतो, आणि नेमका तोच वर्गात घाईघाईनं उरकला जातो. माझं म्हणणं असं की रिग्रेशन शिकवताना सूत्राच्या आधी, आणि उत्तर आल्यानंतर पुन्हा एकदा, आलेख डोळ्यांसमोर असला पाहिजे. तो वहीच्या कोपऱ्यातली शोभा म्हणून नको, निर्णयाचं मुख्य साधन म्हणून हवा. आणि आलेखाचं खरं काम चांगली रेषा निवडून देण्यापेक्षा चुकीची रेषा नाकारणं हे आहे. विद्यार्थ्याला हे नाकारणं शिकवलं, तरच त्याला रिग्रेशन आलं असं मी म्हणेन.

अ‍ॅशबर्नमधल्या शाळा ज्या अभ्यासक्रमावर चालतात तो व्हर्जिनिया राज्याचा आहे. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या त्याच्या नव्या आवृत्तीत बीजगणिताच्या पहिल्या वर्षी मुलांनी दोन राशींचे ठिपके आलेखावर मांडून त्यांतून सरळ रेषा किंवा वर्गसमीकरणाचा वक्र बसवावा, आणि बीजगणित दोनमध्ये त्यात घातांकी, म्हणजे चक्रवाढ वक्राची भर पडावी, अशी अपेक्षा आहे. प्रश्न मांडा, माहिती गोळा करा, ती चित्रात आणा, निष्कर्ष काढा आणि सांगा, असं चक्रही त्यात आखून दिलं आहे. कागदावर हे उत्तम आहे. राज्याच्या परीक्षेत मुलांना पडद्यावर डेस्मॉस नावाचा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर मिळतो. त्यात तक्ता भरायचा, खालच्या ओळीत नागमोडी चिन्ह घालून समीकरणाचा साचा लिहायचा, की वक्र ठिपक्यांमधून सरकत जातो आणि शेजारी आर-स्क्वेअर नावाचा आकडा उमटतो. शून्य ते एकमधला हा आकडा सांगतो की ठिपक्यांच्या चढउताराचा किती हिस्सा या रेषेनं टिपला. धोका इथेच आहे. साचा बदलून पाहायला दोन सेकंद लागतात. मग तिन्ही साचे घालून बघायचे, ज्याचा आर-स्क्वेअर मोठा तो उत्तर म्हणून लिहायचा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं, हा मार्ग कोणत्याही हुशार मुलाला आपोआप सुचतो. त्यात मुलाचा दोष नाही. गुण त्या उत्तराला मिळणार असतील, तर तो दुसरं काय करेल?

त्याच डेस्मॉसमध्ये आर-स्क्वेअरच्या खालीच एक छोटं बटण असतं. प्रत्येक ठिपक्याचा प्रत्यक्ष आकडा आणि रेषेनं सांगितलेला आकडा यांतला फरक ते वेगळ्या आलेखावर मांडून देतं. इंग्रजीत या फरकाला रेसिड्युअल म्हणतात. आपण त्याला शिल्लक म्हणू. लाउडनच्या सहा ठिपक्यांवर सरळ रेषा बसवली तर आर-स्क्वेअर ०.९१ येतो. परीक्षेत एक्क्याण्णव टक्के मिळाल्यासारखं वाटावं असा हा आकडा. रेषा म्हणते की दर दशकाला सुमारे ७९ हजार माणसं वाढली. पण शिल्लक मांडून पाहिली की चित्र पालटतं. १९७० ला ती अधिक ५४ हजार आहे, १९८० ला उणे साडेचार हजार, १९९० ला उणे ५५ हजार, २००० ला उणे ५१ हजार, मग अधिक १३ हजार आणि अधिक ४३ हजार. ठिपके डावीकडे वर सुरू होतात, मध्ये खोल उतरतात आणि उजवीकडे पुन्हा वर चढतात, जणू दोन खुंट्यांना बांधलेली सैल दोरी. रेषा योग्य असती तर शिल्लक कधी वर कधी खाली, कसल्याही शिस्तीशिवाय पडली असती. शिलकीत शिस्त दिसली, याचा अर्थ ठिपक्यांनी सांगितलेलं काहीतरी रेषेनं ऐकलं नाही. आणि या रेषेनं नेमकं काय सोडलं ते तिचं डावं टोक पाहिलं की कळतं. १९७० साली, तिच्या मते, लाउडनमध्ये उणे १७ हजार माणसं राहत होती. आर-स्क्वेअर ०.९१, आणि उणे १७ हजार माणसं. हे दोन आकडे शेजारी शेजारी फळ्यावर लिहिले, तर एका तासात जे शिकवून होतं ते सूत्रांच्या दहा तासांत होत नाही.

मग चक्रवाढ वक्र घ्यावा. तो दर दशकाला ६७ टक्के वाढ मानतो, आणि डेस्मॉसच्या लॉग पद्धतीत, म्हणजे फरक टक्केवारीच्या भाषेत मोजल्यावर, त्याचा आर-स्क्वेअर ०.९९ निघतो. इथे एक गोष्ट मुलांना जरूर दाखवावी. तोच वक्र, तेच ठिपके, पण फरक टक्केवारीच्या भाषेत न मोजता माणसांच्या संख्येत मोजला तर हाच आकडा ०.९८ वर येतो. म्हणजे ज्या आकड्याला आपण निःपक्षपाती पंच समजतो, तो कोणती पट्टी हातात धरली त्यावर बदलतो. आणि अन्वस्ताचाही आर-स्क्वेअर ०.९९ च आहे. दोघांच्या २०३० च्या अंदाजांत दीड लाखाचं अंतर असताना पंच दोघांना जवळजवळ सारखेच गुण देतो. अशा वेळी उभी पट्टी बदलून पाहावी. नेहमीच्या आलेखात लाख ते दोन लाख आणि दोन लाख ते तीन लाख ही अंतरं सारखी असतात. लॉग पट्टीवर दुपटीला सारखं अंतर मिळतं: पन्नास हजार ते लाख जेवढं, तेवढंच दोन लाख ते चार लाख. वाढ खरोखर चक्रवाढ असेल, तर या पट्टीवर ठिपके सरळ रेषेत उभे राहतात. लाउडनचे ठिपके तसे राहत नाहीत. पहिले दोन टप्पे मध्यम चढाचे, १९९० नंतरचे दोन एकदम उभे, आणि २०१० ते २०२० हा सगळ्यांत सपाट. दशकांची वाढ टक्क्यांत काढली तर ५५, ५०, ९७, ८४ आणि ३५. वक्राच्या हिशेबात सरासरी ६७ बसते खरी, पण एकाही दशकात वाढ ६७ टक्क्यांच्या आसपास नव्हती. उंबरठ्यावर उभं राहून एक पाय उन्हात आणि एक सावलीत ठेवला, तर सरासरी तापमान सुखद निघतं. तसा हा ६७ आहे. त्यातही शेवटचं दशक महत्त्वाचं. २००० ते २०१० मध्ये १ लाख ४३ हजार माणसं वाढली, पुढच्या दहा वर्षांत १ लाख ९ हजार. नुसत्या संख्येतही वाढ घटली. चक्रवाढ वक्राला हे कधीच मान्य होणार नाही. त्याच्या जातीत वाढीचा प्रत्येक टप्पा मागच्यापेक्षा मोठाच असावा लागतो.

आलेख एवढ्यावर थांबवू नये, मागे न्यावा. जनगणना १९७० ला सुरू झाली नव्हती. १९०० साली लाउडनमध्ये २१,९४८ लोक होते, १९३० ला १९,८५२ आणि १९५० ला २१,१४७. पन्नास वर्षं ही काउंटी जागच्या जागी होती, मध्ये थोडी आटलीसुद्धा. आपले वक्र त्या काळाबद्दल काय म्हणतात? अन्वस्त म्हणतो, १९५० साली इथे लाखाहून जास्त माणसं होती, म्हणजे १९७० च्या जवळपास पावणेतीनपट. कारण अन्वस्ताला तळ असतो आणि तळाच्या दुसऱ्या बाजूनं तो पुन्हा वर चढतो. त्याचा स्वभावच तो. चक्रवाढ वक्र म्हणतो, १९०० साली इथे सुमारे हजार माणसं होती. दोन्ही उत्तरं चूक आहेत, आणि चुकीची तऱ्हा वेगवेगळी आहे. इथे विद्यार्थ्याला एक प्रश्न पडायलाच हवा, आणि तो गणिताचा नाही. सपाट चाललेली रेषा १९६० नंतर का उचलली गेली? त्याचं उत्तर जमिनीवर आहे. १९६२ च्या नोव्हेंबरात लाउडनच्या कडेला डलेस विमानतळ सुरू झाला. नव्वदच्या दशकात अमेरिका ऑनलाइनसारख्या इंटरनेट कंपन्या तिथे आल्या, जमिनीखालून फायबरचं जाळं आलं, त्या जाळ्याच्या गाठीवर डेटा सेंटरं उभी राहिली, आणि पगारदार कुटुंबं पूर्वेकडच्या शेतांवर उठलेल्या वसाहतींत राहायला आली. पूर्व भाग भरत गेला. पश्चिमेचा मोठा भाग काउंटीच्या आराखड्यानं ग्रामीणच ठेवला आहे. हे समजलं की वाढीला वेग का आला आणि तो पुढे का मंदावला, या दोन्ही गोष्टींची किल्ली हाती येते. आलेखानं ही कारणं सांगितली नाहीत. पण कारण कुठे शोधायचं त्या सालावर त्यानं बोट ठेवलं, आणि कोणत्याही आर-स्क्वेअरनं ते ठेवलं नसतं.

आकड्यांचं सार चित्राची जागा घेऊ शकत नाही, हे फ्रान्सिस अँस्कम या संख्याशास्त्रज्ञानं १९७३ साली एका छोट्या लेखात कायमचं दाखवून दिलं. त्यानं अकरा-अकरा ठिपक्यांचे चार संच रचले. चौघांच्या सरासऱ्या सारख्याच, सहसंबंध ०.८२ च, बसणारी रेषाही एकच. आलेख काढले की पहिला साधा विखुरलेला, दुसरा स्वच्छ कमानीसारखा, तिसऱ्यात दहा ठिपके एका रेषेत आणि एक उंडारलेला, चौथ्यात दहा ठिपके एकावर एक उभे आणि सगळी रेषा दूरच्या एकट्या ठिपक्यानं ओढलेली. पन्नास वर्षं हे उदाहरण पाठ्यपुस्तकांत छापलं जात आहे. तरीही आपल्याकडे बारावीच्या वाणिज्य शाखेत लिनिअर रिग्रेशनचं प्रकरण शिकताना मुलांचा वेळ जातो तो बेरजांचे रकाने भरण्यात, दोन गुणांक काढण्यात आणि त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ घेऊन सहसंबंध मिळवण्यात. हिशेब हातानं करण्याला माझा विरोध नाही. रेषा कुठून येते हे त्यामुळे कळतं. पण ‘ही माहिती सरळ रेषेला लायक आहे का?’ हा प्रश्न त्या रकान्यांमध्ये कुठेच येत नाही, आणि आलेख कागदाचं एक पान पाच मिनिटांत तो प्रश्न उभा करतं.

याला विरोध करणारे काही मुद्दे आहेत, आणि ते हलके नाहीत. पहिला असा की डोळा फसवा असतो. माणसाला ढगांत हत्ती दिसतो; सहा ठिपक्यांत त्याला हवी ती आकृती दिसेल. हे खरं आहे, आणि म्हणूनच डोळ्याला शिक्षण लागतं. आंद्रेयास बुया, डायॅन कुक, हॅडली विकम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली यासाठी एक सुंदर रीत मांडली. पोलीस ठाण्यात ओळख परेड होते तशी ती आहे. शिलकीचा खरा आलेख घ्यायचा आणि निव्वळ योगायोगानं तयार केलेल्या एकोणीस खोट्या आलेखांमध्ये तो मिसळून द्यायचा. ज्यानं खरा आधी पाहिलेला नाही, अशा माणसाला विचारायचं, यातला वेगळा कोणता? त्यानं खऱ्यावर बोट ठेवलं तर दिसलेला नमुना हा हत्ती नव्हता. वर्गात हा खेळ कागदाच्या वीस चिठ्ठ्यांनी करता येतो. सहाच ठिपके असतील तर ओळखणं कठीण जाईल, आणि तेही शिकण्यासारखं आहे: माहिती थोडी असेल तर दावाही थोडाच करावा. पण ज्या सहा ठिपक्यांवर डोळ्याला भरवसा नको म्हणायचं, त्याच सहा ठिपक्यांतून निघालेल्या ०.९९ वर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवायचा, हे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. आधी ठिपके पाहायचे, त्यांना साजेसा साचा निवडायचा आणि मग तो साचा किती छान बसतो म्हणून त्याच ठिपक्यांची साक्ष काढायची, ही लबाडी नाही का? प्रश्नपत्रिका पाहून अभ्यास केल्यासारखंच हे. या आक्षेपाला माझ्याकडे एकच उत्तर आहे: काही ठिपके झाकून ठेवा. मुलांना १९७० ते २००० एवढेच चार आकडे द्या. त्यांना आलेख काढू द्या, साचा निवडू द्या, पुढचे दोन अंदाज शाईनं लिहू द्या, आणि मग झाकलेले आकडे उघडा. चार ठिपक्यांवर चक्रवाढ वक्र बसवला तर २०२० चा अंदाज येतो ४ लाख २४ हजार. प्रत्यक्ष जनगणना ४ लाख २१ हजार! वर्गात टाळ्या पडतील. इथे शिक्षकानं शांतपणे २०१० कडे वळावं. त्या सालचा अंदाज होता २ लाख ५८ हजार आणि माणसं होती ३ लाख १२ हजार, म्हणजे ५४ हजारांची चूक. वक्र मध्ये खूप खाली राहिला, वाढ मंदावल्यामुळे ठिपके त्याच्याकडे परत आले, आणि २०२० ला दोघांच्या वाटा फक्त एकमेकींना छेदून गेल्या. चुकीच्या रस्त्यानं बरोबर उत्तर आलं. नुसते शेवटचे आकडे जुळवणाऱ्याला हा साचा सिद्ध झाला असं वाटेल, आणि तो २०३० साठी बेधडक ७ लाखांच्या जवळचा आकडा सांगेल. आलेख पाहणाऱ्याला मात्र दिसेल की ठिपके वक्राला खालच्या बाजूला ओलांडून निघाले आहेत आणि उतरत्या वेगानं चालले आहेत.

तिसरा आक्षेप व्यवहारातल्या माणसांचा: खऱ्या कामात राशी दोन नसतात, वीस असतात, आणि वीस राशींचा आलेख कोण काढणार? याचं उत्तर सोपं आहे. राशी कितीही असोत, शिल्लक एकच असते आणि ती नेहमी कागदावर मावते. शिवाय दोन-दोन राशींचे आलेखही फुकट जात नाहीत. विजेच्या मागणीचा अंदाज घ्या. व्हर्जिनियासारख्या ठिकाणी हिवाळ्यात घरं तापवायला वीज लागते आणि उन्हाळ्यात थंड करायला. तापमान आडव्या अक्षावर आणि वीज उभ्या अक्षावर घेतली की ठिपके इंग्रजी व्ही अक्षरासारखे पसरतात. यातून सरळ रेषा काढली तर दोन्ही बाजू एकमेकींना खाऊन टाकतात आणि तापमानाचा विजेशी फारसा संबंध नाही असं उत्तर येऊ शकतं, जे धडधडीत खोटं आहे. आलेख एकदा पाहिलेला माणूस ही चूक करूच शकत नाही.

आणि अ‍ॅशबर्नमध्ये विजेचा अंदाज ही पुस्तकी गोष्ट नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं २००७ साली काँग्रेसला दिलेल्या अहवालात म्हटलं होतं की देशातल्या डेटा सेंटरांनी २००६ मध्ये सुमारे ६,१०० कोटी युनिट वीज वापरली, २००० च्या जवळपास दुप्पट, आणि वाढ अशीच राहिली तर २०११ पर्यंत हा आकडा १०,००० कोटींच्या वर जाईल. तसं झालं नाही. एका यंत्रावर अनेक यंत्रांचं काम बसवण्याची युक्ती आली, थंड करण्याच्या पद्धती सुधारल्या, आणि लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या २०१६ च्या अहवालाप्रमाणे २०१४ चा वापर होता सुमारे ७,००० कोटी. वक्र सपाट झाला. मग सपाट रेषा हेच सत्य असं मानावं, तर त्याच प्रयोगशाळेचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०१८ मध्ये ७,६०० कोटी असलेला वापर २०२३ मध्ये १७,६०० कोटी युनिटांवर गेला. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणारी यंत्रं आली होती. म्हणजे पंधरा-सोळा वर्षांत दोनदा साचा बदलला, आणि दोन्ही वेळा आदल्या काळाच्या ठिपक्यांना तो बदल माहीत असणं शक्य नव्हतं. २०२२ च्या जुलैत डोमिनियन या वीज कंपनीनं पूर्व लाउडनमधल्या नव्या डेटा सेंटरांना कळवलं की वाहिन्या अपुऱ्या पडत असल्यानं जोडणीला उशीर होईल. कमी अंदाज धरला तर असं होतं. जास्त धरला तर कित्येक दशकं टिकणाऱ्या वाहिन्या आणि वीजकेंद्रं उभी राहतात, आणि त्यांचा खर्च त्याच परिसरातल्या घरांच्या बिलात उतरू शकतो.

यावर कोणी म्हणेल, मग एस अक्षरासारखा वक्र घ्या, जो आधी हळू, मग भरभर आणि शेवटी सपाट होतो. लाउडनला तोच शोभेल. डोळ्याला तो खरोखर शोभतो. फेरहुल्स्ट या बेल्जियन गणितज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच तो लोकसंख्येसाठी सुचवला होता. पण त्याची परीक्षा आधीच झाली आहे. रेमंड पर्ल आणि लोवेल रीड यांनी १९२० साली हा वक्र अमेरिकेच्या जनगणनांवर बसवला. तोवरच्या ठिपक्यांमधून तो अप्रतिम जात होता, आणि तो सांगत होता की देशाची लोकसंख्या सुमारे १९ कोटी ७० लाखांच्या वर कधीच जाणार नाही. १९७० च्या जनगणनेत ती २० कोटी ३० लाख होती, आणि त्यानंतरही वाढतच राहिली. छत कुठे आहे ते वक्र ठिपक्यांवरून ठरवतो, आणि जोवर ठिपके छताजवळ पोचत नाहीत तोवर तो ते जवळजवळ अंदाजानंच ठरवतो. म्हणून एस वक्र शिकवताना त्याचा एकच आलेख काढू नये. छत पाच लाखांवर, सहा लाखांवर आणि आठ लाखांवर ठेवून तीन काढावेत आणि तिन्ही आजवरच्या सहा ठिपक्यांपासून किती दूर जातात ते मुलांना मोजायला सांगावं. डेटा सेंटरांच्या विजेबद्दलच्या त्या २०२४ च्या अहवालानंही २०२८ साठी एक आकडा न देता ३२,५०० ते ५८,००० कोटी युनिट असा रुंद पट्टा दिला. मला तो अहवालातला सर्वात प्रामाणिक भाग वाटतो.

परीक्षेतला प्रश्न बदलला की शिकवणं बदलतं. ‘या माहितीला योग्य समीकरण शोधा’ याऐवजी ‘या तीन समीकरणांपैकी कोणती दोन तुम्ही नाकाराल, आणि आलेखातल्या कोणत्या ठिपक्यामुळे?’ असं विचारता येतं. उत्तरात साल लिहावं लागेल, शिलकीचं चिन्ह लिहावं लागेल आणि एक वाक्य त्या गावाबद्दलही लिहावं लागेल. तपासायला वेळ जास्त लागेल, हे खरं. डेस्मॉस असेल तर उत्तम. नसेल तर आलेख कागद, पट्टी आणि पेन्सिल पुरते. पुण्याच्या, नाशिकच्या किंवा सांगलीच्या जनगणनेचे आकडे घेऊनही हेच करता येईल. अ‍ॅशबर्नच्या वर्गात मात्र एक वेगळा योग आहे. अमेरिकेची पुढची जनगणना १ एप्रिल २०३० ची आहे. आज बीजगणित शिकणारं तिथलं मूल तेव्हा कॉलेजात किंवा नुकतंच नोकरीला लागलेलं असेल. त्यानं आज काढलेला आलेख, त्यावरचे सहा ठिपके, पेन्सिलीनं पुढे नेलेल्या तीन रेषा आणि त्यांतल्या दोन का खोडल्या याच्या शेजारच्या दोन ओळी जपून ठेवल्या असतील, तर सातवा ठिपका त्याला स्वतःच्या हातानं टाकता येईल.